दोन आठवड्यांपूर्वी आजोबा कसे होते?

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फ्लू झाला तेव्हा ताप आलाच नव्हता. मार्च २०२३ मधली गोष्ट. पुण्यात तेव्हा घराघरांत खोकला होता, पेपरात रोज एच३एन२च्या, म्हणजे इन्फ्लुएंझा ए फ्लूच्या एका प्रकाराच्या, बातम्या होत्या, आणि आमच्याकडे माझा मुलगा नुकताच आजारातून उठला होता. पोराला १०२ ताप, अंगदुखी, खोकला असं सगळं साग्रसंगीत झालं आणि आठवड्याच्या आत तो पुन्हा सायकल घेऊन खाली पळाला. अण्णांचं वेगळंच सुरू झालं. जेवताना घास हातात धरून नुसते बसून राहिले. "जेवा ना अण्णा," म्हटलं की मान हलवायची आणि परत तसंच. दुसऱ्या दिवशी पहाटे पलंगावरून उतरताना घसरले आणि तिथेच फरशीवर बसले. उठवायला गेले तर मला विचारतात, "दुसरी घंटा झाली का?" अण्णा चित्रकलेचे शिक्षक होते, पण निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. थर्मामीटर लावला तर ९८.४. ऑक्सिमीटरवर ९०.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, घरी थांबू नका.

ताप हा विषाणू आणत नाही, आपलं शरीर त्याच्याशी लढताना तो आणतं, हे मला तेव्हा कळलं. थकलेल्या शरीरात ती लढाईच उशिरा आणि दुबळी सुरू होते. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या फ्लूची पहिली खूण पडणं, अन्न टाकणं किंवा असंबद्ध बोलणं ही असू शकते. कोविडच्या पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांमध्ये ६५ वर्षांवरच्या कोविड रुग्णांची पाहणी झाली होती. त्यांच्यातल्या २८ टक्के लोकांना आले तेव्हाच भ्रम (डिलिरियम, म्हणजे आजारात अचानक उडणारा मनाचा गोंधळ) झालेला होता, आणि अशा भ्रम झालेल्यांपैकी तिघांत एकाहून जास्त जणांना ताप किंवा धाप यांतलं काहीच नव्हतं. ज्यांच्या घरी वयस्क माणूस आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं असं मला कळकळीनं वाटतं. थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून थांबण्यात फार मोलाचे तास जातात.

कॅज्युअल्टीत नेहमीचे प्रश्न झाले. बीपी आहे का, शुगर आहे का, पूर्वी ऑपरेशन झालंय का. बीपीची एक गोळी सोडली तर अण्णांना कसलाच आजार नव्हता, आणि ते सांगताना मला आतून धीर येत होता. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी कागदावर '७८ वर्षं, अशक्तपणा' असं लिहिलं. नाकातून स्वॅब घेतला, एक्स-रे काढला, ऑक्सिजनची नळी लावली. तासाभरानं मोठ्या डॉक्टर आल्या. त्यांनी अण्णांना तपासलं, फाइल मिटली आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

"ताई, आज आजोबा कसे आहेत ते मला दिसतंय. दोन आठवड्यांपूर्वी कसे होते ते सांगा."

मी म्हटलं, बरे होते. त्यावर त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. अंघोळ स्वतः करतात की कुणी पाठ चोळून देतं? जिना चढतात का, आणि मध्ये थांबतात का? पेन्शन कोण काढून आणतं? गोळ्या स्वतःच्या स्वतः घेतात? एकटे रस्ता ओलांडून शेवटचे कधी गेले? खुर्चीतून उठताना हातावर जोर द्यावा लागतो का? गेल्या वर्षभरात कपडे ढिले झालेत?

बँकेचं सगळं वर्षापासून मीच बघत होते. गोळ्या डबीत भरून मीच देत होते. बागेत जाणं आई गेल्यानंतर हळूहळू सुटलं होतं. अंघोळीला स्वतः जायचे, पण आत स्टूल ठेवलं होतं आणि कडी लावायची नाही असं ठरलेलं होतं. आणि कपड्यांचं विचारलं तेव्हा मी शेजारी ठेवलेल्या त्यांच्या पँटचा पट्टा उचलून पाहिला. कंपनीच्या भोकांच्या पुढे दोन भोकं चांभाराकडून पाडून घेतलेली होती, आणि त्यांतल्या शेवटच्या भोकाशी चामडं ताजं वळलेलं होतं. वजन केलं तर ४८ किलो भरलं. तीन वर्षांपूर्वीच्या एका फाइलवर ५७ होतं.

डॉक्टरांनी ॲप्रनच्या खिशातून एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. त्यावर नऊ छोटी चित्रं होती. पहिल्यात धावणारा माणूस, मग हळूहळू काठी, वॉकर, व्हीलचेअर, शेवटाकडे अंथरूण. याला क्लिनिकल फ्रेल्टी स्केल म्हणतात, म्हणजे माणूस आधीच किती खचलेला, किती 'फ्रेल' आहे ते मोजणारी फूटपट्टी. कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातले डॉ. केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये मांडली. तेव्हा तिच्या सात पायऱ्या होत्या, पुढे नऊ झाल्या. १ म्हणजे ठणठणीत. ४ पर्यंत माणूस आपलं आपण करतो, फक्त मंदावलेला असतो. ५ ला पैसे, औषधं, प्रवास, जड घरकाम यांत मदत लागते. ६ ला घरातली आणि बाहेरची सगळी कामं दुसऱ्यावर येतात, जिना अवघड होतो, अंघोळीला मदत लागते. ७ ला माणूस स्वतःच्या शरीराच्या प्रत्येक गोष्टीसाठी परावलंबी होतो. यात आजारी पडल्यानंतरची अवस्था मोजायचीच नसते. मोजायची ती आधीची, साधारण दोन आठवड्यांपूर्वीची. कारण दवाखान्यात आडवा झालेला प्रत्येकच माणूस अशक्त दिसतो.

अण्णांच्या फाइलवर त्यांनी ५ लिहिलं, पुढे बारीक अक्षरात '६ कडे'. मला त्या आकड्याची भीती वाटली. बीपी-शुगरच्या यादीत काही नाही म्हणून जो धीर वाटत होता तो ओसरला. पण आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या भरतीतली सगळ्यात महत्त्वाची तपासणी तीच होती, आणि तिला ना सुई लागली ना मशीन.

स्वॅब एच३एन२साठी पॉझिटिव्ह आला. ऑसेल्टामिविर, म्हणजे लोक ज्याला टॅमिफ्लू म्हणतात ती गोळी, रिपोर्टची वाट न बघता सुरू केली होती. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत तिचा उपयोग सगळ्यात जास्त. डोस मात्र किडनीचा रिपोर्ट बघून ठरवला. ईसीजी रोज काढत होते. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सहापट असतो असं कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि ते ऐकल्यापासून मॉनिटरवरच्या हिरव्या रेषेवरून माझी नजर हटेना.

पडद्याच्या पलीकडे भोर तालुक्यातल्या एक आजी होत्या. वय ८६. आजार तोच, आणि आणलं तेव्हा ऑक्सिजन ८४. त्यांचा एक्स-रे अण्णांच्या एक्स-रेपेक्षा वाईट होता, हे त्यांच्या नातवानंच मला सांगितलं. शुगर होती, बीपी होतं, गुडघेही गेलेले. पण गेल्या महिन्यापर्यंत त्या गोठ्यातल्या दोन म्हशींच्या धारा काढत होत्या आणि भाकरी बडवत होत्या. ऑक्सिजन लावलेला असतानाच त्या पाय खाली सोडून बसायच्या आणि सिस्टरला म्हणायच्या, "निजून निजून अंग मोडलं माझं, मला फिरवा." चार-पाच दिवसांत त्या नातवाचा हात धरून चालत घरी गेल्या. अण्णा त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आजार कमी, एक्स-रे बरा, आणि तरी त्यांचं पुढे लांबत गेलं.

मी डॉक्टरांना हे विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन विहिरी आहेत असं समजा. दोन्हींतून सारखंच पाणी उपसलं. एक रात्रीत परत भरते, दुसरीचा तळ दिसतो." कोविडच्या पहिल्या लाटेत ब्रिटनमधल्या दहा आणि इटलीतल्या एका रुग्णालयातल्या १५६४ रुग्णांचा एक अभ्यास झाला होता, २०२० मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये तो छापून आला. वय आणि इतर आजार या दोन्हींपेक्षा, रुग्ण आधी किती फ्रेल होता यावरून पुढे काय होईल याचा अंदाज जास्त बरोबर येत होता. रात्री वॉर्डातल्या त्या अरुंद बाकावर बसून मी तो मोबाइलवर वाचला. स्नायू हा नुसता हालचालीचा अवयव नाही, हेही तेव्हाच समजलं. आजारात शरीराला प्रथिनं लागतात, पोटात काही जात नसतं, मग शरीर ती स्नायूंतून काढून घेतं. ज्याच्या मांड्या आधीच काठ्या झाल्यात त्याच्याकडे काढायला काय उरतं? खोकून कफ बाहेर टाकायलासुद्धा स्नायूच लागतात.

पण सगळ्यात कठीण गेल्या त्या रात्री. संध्याकाळ झाली की अण्णा बदलायचे. मला आत्याच्या नावानं हाक मारायचे. "पाऊस आत येतोय, मुलांचे कागद उचला," म्हणून सलाइनची नळी ओढायचे. एका रात्री मी औषधं आणायला खाली गेले आणि परत येऊन बघते तर त्यांचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीनं कॉटच्या कठड्याला बांधलेले. चित्रं काढणारे हात ते. अंगठ्याखाली पट्टी रुतून लाल वळ उठला होता. मी सिस्टरला सोडायला सांगितलं. ती बिचारी एकटी वीस-बावीस पेशंट सांभाळत होती, तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो अशा माणसाजवळ रात्रभर बसायला कुणी नेमलेलंच नसतं, या व्यवस्थेवर. हात बांधले की भ्रम वाढतो, झोपेचं इंजेक्शन दिलं की बरेचदा आणखी वाढतो, आणि माणूस मग दिवसा गुंगीत, रात्री जागा.

मोठ्या डॉक्टरांनी सकाळी राउंडला हे ऐकलं आणि त्या खरोखर चिडल्या. लघवीसाठी घातलेला कॅथेटर त्यांनी त्याच दिवशी काढायला लावला. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून तो आला त्या दिवशी घातला होता. त्यानं इन्फेक्शनची भीती असते आणि नळीला जखडलेला माणूस उठतच नाही. मला विचारलं, "चष्मा कुठाय?" घरी होता. "ऐकायचं मशीन?" तेही घरी, हरवू नये म्हणून. "आज दुपारपर्यंत दोन्ही आणा. यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, खिडकीला पडदा, वरचा दिवा चोवीस तास चालू. तुम्हाला-मला इथे ठेवलं तरी आपलंही हेच होईल."

चष्मा, मशीन आणि घरातलं मोठ्या आकड्यांचं घड्याळ आलं. कॉट खिडकीच्या बाजूला सरकवून घेतली. सकाळी मी पेपर मोठ्यानं वाचायचे, तारीख-वार सांगायचे. दादा डोंबिवलीहून सुट्टी काढून आला आणि रात्रीची पाळी त्यानं घेतली. पहिल्यांदा अण्णा सलग झोपले ते दादाचा हात छातीवर धरून. भ्रम एकदम गेला नाही, येत-जात राहिला, पण नळ्या ओढणं थांबलं. एक गोष्ट डॉक्टरांनी आवर्जून सांगितली: आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, गप्प गप्प होणारा, डोळे मिटून पडून राहणारा म्हातारा माणूस 'शांत झोपलाय' म्हणून सुटून जातो. तोही भ्रमच असतो, आणि तो जास्त धोक्याचा.

मधेच एक दिवस ऑक्सिजन पुन्हा घसरला. नळीऐवजी हाय-फ्लोचं, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं, मशीन लावलं. तेव्हा डॉक्टरांनी मला, दादाला आणि आत्याला बाहेर बोलावलं. उद्या हेही पुरलं नाही तर व्हेंटिलेटर लावायचा का, हे आज ठरवू. रात्री दोन वाजता घाईत नको, म्हणाल्या. दादा म्हणाला, "जे जे करता येईल ते करा." प्रत्येक मुलाच्या तोंडी पहिल्यांदा हेच येणार. मग त्यांनी समजावलं. श्वासनळीत नळी घालून झोपवून ठेवलं तर या वजनाच्या, या ताकदीच्या माणसाला त्यातून परत काढणं फार अवघड असतं. वाचले तरी बहुतेक वेळा ५ चे ७ होऊन घरी जातात. त्यांनी शक्यता लपवली नाही आणि भीतीही घातली नाही. आत्याच मग म्हणाली, "अरे, त्याला विचारा की. तो अजून आहे."

सकाळची वेळ अण्णांची चांगली असायची. डॉक्टरांनीच विचारलं, मशीन कानात नीट बसवून, समोर खुर्ची घेऊन. अण्णांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "नळी नको. हे नाकातलं चालेल. पण मला उठवा. मला घरी माझ्या खोलीत जायचंय." ते तसंच फाइलवर लिहिलं गेलं.

आकड्यावरून माणसाला बाजूला काढलं जाईल ही माझी भीती मात्र खोटी नव्हती. मार्च २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं कोविडसाठी हीच फूटपट्टी आयसीयूच्या निर्णयात वापरायला सांगितली. अपंगांच्या संघटनांनी लगेच आवाज उठवला, कारण जन्मापासून मदतीनं जगणारा तरुणही तिच्यावर वरचा आकडा घेणार. काही दिवसांतच सुधारणा झाली: ६५ वर्षांखालच्यांना, स्थिर अपंगत्व असलेल्यांना, स्वमग्न लोकांना ती लावू नका. आमच्याच वॉर्डात एका निवासी डॉक्टरांनी "वय झालंय आता, किती करणार," असं माझ्यासमोर म्हटलं होतं. मोठ्या डॉक्टर नेमक्या उलट वागल्या. आकडा ५-६ आहे ना, मग आज जास्त करायचंय: फिजिओ लगेच, आहारतज्ज्ञ, गिळण्याची तपासणी, रात्री जवळचं माणूस. ज्या दवाखान्यात हा आकडा फक्त 'किती करणार' ठरवायला वापरतात तिथे तो न लिहिलेला बरा, हे माझं स्पष्ट मत आहे.

इच्छापत्राबद्दल एक सांगून टाकते. शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. अण्णांनी घरी आल्यावर ते करून घेतलं, स्वतःच्या वळणदार अक्षरात.

उठवण्याचं काम फिजिओनं सुरू केलं तेव्हा मला ते क्रूर वाटलं. नाकात हाय-फ्लो, अंगात त्राण नाही, आणि ही मुलगी म्हणते, "आजोबा, पाय खाली." पण तिनं जे सांगितलं ते मी विसरणार नाही. धडधाकट, सरासरी ६७ वर्षांच्या लोकांना अभ्यासासाठी दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, आजार काही नाही, आणि तेवढ्यात त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस गेलं. "मग आजोबांचं किती जाईल बघा." सत्तरीच्या पुढचे जे लोक आजारपणासाठी दवाखान्यात भरती होतात, त्यांच्यातले निदान ३० टक्के, आधी जमत असलेली एखादी रोजची गोष्ट गमावून घरी जातात, अंघोळ, कपडे, संडासला जाणं, असं काहीतरी. आजार बरा होतो, पण पलंगानं नेलेलं बरेचदा परत येत नाही. पहिल्या दिवशी अण्णा कॉटच्या कडेला बसले, तळवे फरशीला टेकले, आणि दोन मिनिटांत घामेघूम झाले. मग खुर्ची. मग जेवण खुर्चीतच, कारण ताठ बसून गिळलं तरच घास श्वासनळीत जात नाही. आडवं ठेवून भरवलेल्या पेजेनं न्यूमोनिया होऊ शकतो. मग वॉकर धरून दारापर्यंत.

खाण्याचा हिशोब आहारतज्ज्ञ बाईंनी मांडून दिला. आजारातल्या वयस्क माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे अण्णांना दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. दवाखान्याच्या ट्रेमध्ये सकाळी साबुदाण्याची खीर, दुपारी मऊ भात आणि वरणाचं पाणी. त्यात दहा-पंधरा ग्रॅमसुद्धा भरत नव्हते. एका अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट वाटीभर वरणात सहा-सात. आपल्याकडे आजाऱ्याला हलकं द्यायचं म्हणून पेज, खीर, मोसंबीचा रस यांवर ठेवतात, आणि प्रेमानं उपाशी ठेवतात. मग घरून उकडलेली अंडी, दाट मुगाचं वरण, पनीर कुस्करून, रात्री दूध-पावडर घातलेलं दही असा डबा सुरू झाला. थोडं थोडं, दर दोन तासांनी. अण्णा कंटाळायचे. मी पुन्हा चमचा पुढे करायचे.

डिस्चार्जच्या वेळी समरीत 'इन्फ्लुएंझा ए, बरा' असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी खाली आपल्या हातानं '७' लिहिलं आणि म्हणाल्या, "हा आकडा आता तुमच्या हातात आहे. पुढचे तीन महिने आजाराचेच समजा." तसंच झालं. फिजिओ घरी यायची. जेवणाच्या खुर्चीतून हात न लावता उठायचं आणि बसायचं, एवढाच मुख्य व्यायाम, दिवसातून तीन वेळा. आधी खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, मग एक काढली, मग दुसरी. पावसाळा सुरू झाला तेव्हा ते घरात काठीनं फिरू लागले होते. गणपतीत मखराची नक्षी त्यांनी बसून कापली. अंघोळीला मदत मात्र आजही लागते. ती एक गोष्ट त्या आजारानं नेली ती नेलीच. आता ते ६ वर आहेत, आणि तिथेच राहावेत म्हणून आम्ही झटतोय. फ्लूची लस आम्ही घरातले सगळे पावसाळ्याआधी घेतो. थकलेल्या शरीरात लस कमी काम करते, म्हणून त्याच्या आजूबाजूच्यांनी ती घेणं जास्त गरजेचं. अण्णांना न्यूमोकोकलची, म्हणजे एका प्रकारच्या न्यूमोनियापासून जपणारी, लसही दिली.

दवाखान्याच्या फाइलमध्ये आता सगळ्यात वर एक कागद असतो. दर तीन महिन्यांनी तो मी नवा लिहिते. वजन. कुठली कामं स्वतः करतात, कशाला मदत लागते. खुर्चीतून कसे उठतात. बोलणं-समजणं कसं आहे. चष्मा, मशीन, खालची कवळी. त्यांनी काय नको म्हटलंय. त्याचा फोटो दादाच्या फोनमध्ये आहे. २०२४ च्या पावसाळ्यात अण्णांना डेंग्यूसाठी भरती करावं लागलं तेव्हा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी तो आधी वाचला, आणि पहिल्याच संध्याकाळी खुर्ची मागवली.

गेल्या महिन्यात वाईला गेले होते तेव्हा आत्याचाही कागद करायला बसले. ती ८१ ची. म्हणाली, "माझं काय लिहितेस? माझं सगळं मी करते." लिहूया तरी, म्हटलं. बाजार कोण आणतं? शेजारची मुलगी. गच्चीवर वाळवणं? यंदा घातली नाहीत. का? "जिना नकोसा वाटतो गं." ब्लाउज? सगळे टाचून घेतलेत. मी तिला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी घालायला सांगितले आणि पाच वेळा उठ-बस करायला लावली. पंधरा सेकंदांच्या आत व्हायला हवं. तिला बरेच जास्त लागले, आणि शेवटच्या वेळी तिनं हात टेकलाच. आता तिच्याकडे आठवड्यातून तीनदा फिजिओ येते, सकाळच्या चहाबरोबर दोन अंडी सुरू झालीत, आणि लस जूनच्या आत द्यायची म्हणून वाईतल्या डॉक्टरांना मी सांगून आले आहे.